नव्वद मीटरचा दोर

कॅमेरा बसवून झाला की सुबरावअण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. डोक्यावरची टोपी काढायची, मिशीवरून एकदा हात फिरवायचा, मान वर करायची आणि फोनवर अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "दिसतोय का?" पलीकडे टीव्हीसमोर बसलेल्या घरमालकानं "दिसताय" म्हटल्याशिवाय टोपी परत डोक्यावर जात नसे. "दिसतंय सगळं" असं म्हणून चालायचं नाही. अण्णा लगेच खवळायचे, "सगळं ऱ्हाऊ द्या, मी दिसतोय का ते सांगा." एवढंच ओरडायचं तर फोन कशाला हवा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आक्का, फौजेत हातात कायतरी धरल्याशिवाय बोलायची सवयच न्हाई लागली."

तासगावच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि अण्णांचं कॅमेऱ्यांचं दुकान, मध्ये एक भिंत. भिंत अशी की त्यांचा खोकला माझ्या मशीनपाशी ऐकू यायचा. फौजेत असताना ते टेलिफोनच्या तारा ओढायचं काम करत. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक कुठल्याशा गेटवर शिट्टी घेऊन उभे राहिले आणि यांनी मात्र दुकान थाटलं. दुसऱ्याच्या गेटवर उभं राहण्यापेक्षा गेटवर कॅमेरा लावणं बरं, असा त्यांचा हिशेब होता. माणूस तापट, हट्टी, मिशीचा मोठा अभिमानी. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि जमावं असं वाटलंही नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. त्यांच्याकडे पांढऱ्या नायलॉनचा एक लांबलचक दोर होता. रानातनं काम करून आले की चिखलानं माखलेला तो दोर धुऊन दोन्ही दुकानांपुढच्या कठड्यावर वाळत टाकायचे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वाकून यावं लागे. एक दिवस मी कात्री घेऊनच बाहेर आले. म्हटलं, "अण्णा, हा दोर आज कापते बघा."

"कापा की," ते शांतपणे म्हणाले. "फक्त नव्वद मीटरच्या आत कापू नका."

मग तिथंच, कठड्याला टेकून, त्यांनी मला तो दोर समजावून सांगितला. कॅमेऱ्याची जी वायर असते तिच्यातनंच चित्र येतं आणि तिच्यातनंच कॅमेऱ्याला वीज जाते. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते. त्याच्यापुढं ताणली की चित्र अडखळतं, थांबतं, नाहीतर येतच नाही. "मग दोर शंभरचा का नाही?" मी विचारलं.

"शंभर कंपनीचं, नव्वद माझं. भितीवर चढायला, कोपऱ्याला वळायला, आन् उद्या मालकिणीनं कपाट हलवलं तर, त्यासाठी दहा राखून ठेवायचं."

हे मला एकदम पटलं. मीही ब्लाउजच्या आत मार्जिन सोडते, कारण दिवाळी होऊन गेली की कोण काय तक्रार घेऊन येईल ते मला ठाऊक असतं. कात्री आत ठेवली. पुढं त्या दोराला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या शिवून दिल्या त्या मीच. अगदी टोकाला खणाचा एक चांगला तुकडा लावला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "नवरीगत सजवला की वो."

टेप असताना दोर कशाला, असं त्यांना सगळेच विचारत. अण्णांचं म्हणणं, टेप हवेतनं सरळ जातो आणि वायर भिंतीनं, बांधानं, झाडाखालनं जाते. रानातली माणसं तर अंतर सांगताना "हितंच तर हाय" म्हणतात, नाहीतर "हाकेवर हाय." हे ऐकलं की अण्णांची मिशी थरथरायची. "हाक वाऱ्यावर जाती, पावणं. वायर भितीनं जाती. हाक पोचली म्हणून वायर पोचत न्हाई."

आणि या दोराचा एक नियम होता. दोराचं टोक खिळ्याला बांधायचं नाही. ज्याचं घर, त्यानं ते हातात धरून उभं राहायचं. मालक कितीही मोठा असो, पांढऱ्या कपड्यात असो, टोक त्याच्याच हातात. दुसऱ्या टोकाकडून अण्णांचा हुकूम यायचा, "वढा! ढिला सोडू नका!" मी एकदा विचारलं, हा काय नाद तुमचा? म्हणाले, "आक्का, आपल्या दारापासनं आपला गोठा किती लांब हाय हे लोकांस्नी ठावं नसतंय. हाताला वढ लागली की कळतंय."

त्यांचा हट्ट न पटून लोक दुसरीकडेही जात. एका बेदाणा व्यापाऱ्याची शेड त्याच्या बंगल्यापासनं द्राक्षबागेच्या पार पलीकडच्या टोकाला होती. अण्णांचा दोर संपला तेव्हा शेड अजून बरीच पुढं. ते म्हणाले, मध्ये एक डबा बसवावा लागेल. चित्र त्यात येऊन पुन्हा ताजं होतं आणि पुढं जातं, पण त्या डब्याला वीज पाहिजे. व्यापाऱ्याला बागेत वीज न्यायची नव्हती. त्यानं दुसऱ्याकडून सलग वायर ओढून घेतली, चित्र लख्ख आलं, आणि तो मुद्दाम अण्णांच्या दुकानात येऊन मोबाइल दाखवून गेला. अण्णा माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाले, "अंधार पडू दे की."

झालं तसंच. दिवसभर शेड दिसायची आणि दिवेलागण झाली की गायब व्हायची. रोज. शेडवरचे कामगार कुजबुजायला लागले, कुणी लिंबू-मिरची बांधली. शेवटी तो व्यापारी मान खाली घालून आला. अण्णांनी त्याला आधी चहा पाजला. मग सांगितलं, "अंधार पडला की कॅमेरा सोताचा दिवा लावतोय. दिवसभर नुसता बसून ऱ्हातोय तवा थोडक्यात भागतं त्याचं, कामाला लागला की भूक वाढती. तेवढी वीज त्या टोकापतूर पोचतच न्हाई." त्यांनी त्याचं काम नीट करून दिलं, पण पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला लिंबू-मिरचीची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. मोठ्या मनाचा आव आणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

वायरीला सांधा मारणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग. विहिरीवरच्या मोटारीची वायर तुटली की आपल्याकडं पीळ देतात, काळी टेप गुंडाळतात आणि मोटार चालू. तोच इलाज लोक कॅमेऱ्याच्या वायरीला करायचे. असा एक गलेलठ्ठ सांधा अण्णांनी कापून आणला होता आणि दुकानात दर्शनी भिंतीवर टांगला होता. त्याच्या मालकाचं नाव ते कुणालाही, न विचारता, सांगत.

पण मिरजेचं काम करून आले त्या दिवशी वेगळेच होते. तिथं एका सतार बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या घरी कॅमेरे लावायचे होते. माडीवर भोपळे वाळत ठेवलेले, खाली नुकत्या चिकटवलेल्या सतारी. म्हातारा म्हणाला, भिंतीला भोक पाडायचं मशीन लावू नका, हादऱ्यानं सांधे सुटतील. भिंत फोडायची नसेल तर वायर सगळ्या घराला बाहेरून वळसा घालून न्यायची, आणि तसं केलं तर दोर पुरेना. अण्णा बराच वेळ तिथं बसून राहिले. म्हातारा एक तार लावत होता, ती ऐकत. मग त्यांना सुचलं की चित्र साठवणारी पेटी लोक नेहमी घराच्या कोपऱ्यात ठेवतात, मालकाच्या खोलीत, टीव्हीखाली. ती घराच्या मध्यावर, जिन्याखाली ठेवली तर चारी बाजूंना वायर पुरते. भिंतीला धक्का न लावता काम झालं.

परत आल्यावर कठड्यावर दोर पसरत मला म्हणाले, "जे मधी पायजे ते आपण कोपऱ्यात ठेवतोय आक्का, आन् मग पुरत न्हाई म्हणून वरडतोय." मला वाटलं, पेटीबद्दलच बोलताहेत.

माझं माहेर तासगावपासनं जवळच, मळ्यात. रस्त्याला लागून थोरल्या दादाचं घर. आत गेलं की धाकट्या सुरेशचं. आणि अगदी टोकाला, ओढ्यालगत, विहिरीपाशी जुनं घर, त्यात आई एकटी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. एकाच बांधावरनं जाताना एकानं द्राक्षांकडं बघायचं, दुसऱ्यानं आभाळाकडं. आई कुणाकडेच राहायला जाईना, कारण एकाकडे गेली की दुसऱ्याला सोडल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी ती अंगणात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूध न्यायला येणारा माणूस येईपर्यंत ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. मी धावत गेले, तिला जवळ घेतलं आणि चिडून विचारलं, "अगं, हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "कुणाला मारू? एकाला मारली तर दुसऱ्याला राग."

ती रात्र मी रडून काढली. पुन्हा अशी पडली आणि दूधवाला उशिरा आला तर, हा विचार डोक्यातून जाईना. सकाळी दुकान उघडायच्या आधी अण्णांच्या पायरीवर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. दादाच्या घरी इंटरनेट होतं. आईच्या अंगणात कॅमेरा लावून तो दादाच्या मोबाइलवर दिसेल का, एवढंच मला हवं होतं. सिमकार्डाचा कॅमेरा चालणार नव्हता, ओढ्याच्या खोलात फोनवर बोलण्यापुरती रेंज येते, चित्रापुरती नाही. बिनवायरीचं अण्णांनी स्वतःच मोडीत काढलं. "मधी ऊस हाय न्हवं? ऊस वर आला की ते आंधळं होतंय." मग दोर खांद्यावर टाकून म्हणाले, "चला, मापू."

दादानं त्याच्या सोप्यात टोक धरलं. अण्णा दोर सोडत बांधानं निघाले. वाटेत आंब्याचं झाड आहे, त्याला का कोण जाणे त्यांनी वळसा घातला. आणि खणाचा लाल तुकडा येऊन थांबला तो नेमका सुरेशच्या पडवीपुढं. आईचं घर अजून तेवढंच पुढं होतं.

सुरेश पडवीत फवारणीचा पंप उघडून बसला होता. अण्णांनी पाणी मागितलं, बसून प्यायले, टोपीनं वारा घेतला. मी त्यांना हळूच विचारलं, "दुसरी काही वाट नाही का?"

"ह्या वायरीला न्हाई. हितं डबा बसवायला लागंल. हितली वीज लागंल."

सुरेशनं ते ऐकलं. "अण्णा, त्यांची वायर माझ्या भितीला लागायची न्हाई. आधीच सांगतोय."

"तुझ्या भितीचं मी काय बोललोय व्हय रं? जरा टोक धर. ताण हाय का बघतो."

सुरेशनं नाइलाजानं टोक हातात घेतलं. अण्णा मागं वळून ओरडले, "वढा!" आणि तिकडं, झाडापलीकडं न दिसणाऱ्या दादानं दोर ओढला. सुरेशच्या हाताला हिसका बसला. त्यानं खाली बघितलं, मूठ आवळली आणि उलट ओढलं. तिकडून पुन्हा ओढ आली. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. अण्णा मधल्या दोरावर हात ठेवून उभे होते.

मग त्यांनी दादाला टोक सोडायला लावलं, दोर पुढं ओढून घेतला, एक टोक सुरेशच्या हातात ठेवलं आणि दुसरं घेऊन आईकडं गेले. मी त्यांच्या मागनं. आई काठी टेकत अंगणात आली. "मावशी, हे धरा आन् वढा," अण्णा म्हणाले.

तिनं ओढलं. पलीकडून ओढ लागली तशी म्हणाली, "कोण हाय रं तिकडं?"

"सुरेश हाय. त्येच्या पलीकडं थोरला हुता."

आईनं तो दोर बराच वेळ सोडला नाही. अण्णाही "सोडा" म्हणाले नाहीत. मी तोंडात पदर धरून उभी होते.

परत येताना अण्णा सुरेशला म्हणाले, "वायर दादाची न्हाई गड्या. आईची हाय. तुला नको आसंल तर मी आत्ताच दोर गुंडाळतो आन् जातो." सुरेश पंपाचे नट आवळत राहिला. मग म्हणाला, "पडवीच्या आतल्या बाजूनं लावा. पावसात भिजंल न्हाईतर."

डबा लागला. त्याला एक हिरवा दिवा होता. तो विझला की दादाच्या मोबाइलवरून आई दिसेनाशी व्हायची. मग दादाला सुरेशला फोन करण्यावाचून गत्यंतर नसे. पहिला फोन असा झाला: "दिवा लागलाय का?" "लागलाय." संपलं. पुढच्या खेपेला सुरेशनं डब्याबरोबर आई जेवली का तेही सांगितलं. असं करत करत द्राक्षांच्या औषधापर्यंत गाडी आली.

आणि एका दुपारी, दादा बेदाण्याच्या सौद्याला तासगावात आलेला असताना, त्यानं सहज मोबाइल बघितला. आई तुळशीकट्ट्याला टेकून बसली होती, पण मान एका बाजूला कललेली. काठी लांब पडलेली. त्यानं फोन लावला, "सुरेश, पळ, आई!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. सुरेश अनवाणी पळाला. तिला उचलून, गाडी काढून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी पोचले तेव्हा दोघं भाऊ एका बाकावर बसले होते. सुरेशच्या पायात दादाच्या चपला होत्या आणि दादा अनवाणी होता.

आई बरी होऊन घरी आली. मी पेढे घेऊन अण्णांकडं गेले. ते कसलंसं नवं रीळ उलगडत होते, केसाएवढी बारीक वायर, कुठल्या तरी शीतगृहाच्या कामासाठी. म्हटलं, "ही कसली?"

"काचेची. उजेड जातो हिच्यातनं."

"किती लांब जाते?"

"लय. किलोमीटरनं मोजायचं."

मी पेढ्याचा पुडा तसाच हातात धरून उभी राहिले. "म्हणजे आमच्या मळ्यात, दादाच्या घरापासनं थेट आईपर्यंत..."

"पोचली असती की." त्यांनी मान वर केली नाही. "तुमी काचेचं इचारलंच न्हाईसा."

"अण्णा!"

मग त्यांनी रीळ खाली ठेवलं. "काचेनं काम झालं असतं आक्का. पर मधी कुणी थांबलंच नसतं."

"आणि तो आंब्याला वळसा?"

"ऊन लय हुतं," ते म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.

अण्णांनी आमच्यासाठी काय केलं हे मी त्यांना नीट कधी सांगू शकले नाही. आभार मानायला गेलं की ते दोराचा गुंता सोडवायला लागायचे. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं, तेव्हा माझ्या मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा होता. त्या दिवशी मी पुढं शिवलं नाही. भिंतीपलीकडून खोकला यायचा बंद झाल्याला आता बरेच दिवस झाले, तरी माझं मशीन अधूनमधून उगीच थांबतं. त्यांच्या घरच्यांनी दोर मला दिला. मी तो धुते आणि कठड्यावर वाळत टाकते, बायका वाकून येतात.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते पडद्यावर. जाण्याच्या आदल्या दिवशी ते आईच्या अंगणातला कॅमेरा पुसायला गेले होते. चित्र साठवणाऱ्या पेटीतलं जुनं चित्र आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं येतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, त्यामुळं ते दृश्य आता कुठंही शिल्लक नाही. म्हणून लिहून ठेवते. मी दादाच्या घरी टीव्हीसमोर बसले होते. आधी नुसतं फडकं दिसलं, मग एक मोठं बोट, मग अण्णा स्टुलावरून खाली उतरले. स्टूल सुरेशनं धरलं होतं. आई चहाचा कप घेऊन मागं उभी होती आणि अण्णांनी आधी चहा घ्यावा म्हणून काहीतरी बोलत होती. अण्णांनी तिला हातानंच थांबवलं, टोपी काढली, मिशीवरून हात फिरवला आणि मान वर केली.

दादाच्या फोनमधून आणि उघड्या खिडकीतून, दोन्हीकडून एकदमच आवाज आला. "दिसतोय का?"

दादानं पडद्याकडं बघितलं, आईकडं, सुरेशकडं.

"दिसताय, अण्णा," तो म्हणाला. "सगळीच दिसताय."

या खेपेला अण्णा खवळले नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि आईच्या हातातला चहा घेतला.